अडीचाचा मध्य

तोमेच्या अंथरुणाला आंबूस वास यायचा आणि त्याचं कारण सगळ्या बेटाला माहीत होतं. नवरा गेल्यावर कुणी देवापुढे जास्त वेळ बसतं, कुणी मुलाकडे राहायला जातं. तोमे कपाटात जाऊन बसायला लागली.

कपाट अंथरुणाचंच. खोलीच्या एका भिंतीत सरकत्या दारांचं खोल कपाट होतं. त्याच्या वरच्या कप्प्यात गाद्या आणि खालच्या कप्प्यात तोमे. फटीफटीत चिंध्या कोंबायच्या, बाहेरून दारावर रजाई टाकायला कुणाला तरी हाक मारायची आणि आत मिट्ट काळोख झाला की कॅमेऱ्यातला रोल चाचपत उलगडायचा. रोल धुण्याची औषधं तिने साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, मोठ्या बाटल्यांत भरून ठेवली होती. घरात नवीन माणूस आला की त्याची नजर बाटल्यांवरून तोमेच्या तोंडाकडे जायची आणि तोंडावरून पुन्हा बाटल्यांकडे.

हे वेड तिला रागातून लागलं. नवरा बोटीवर इंजिनवाला होता. निवृत्त झाला तेव्हा त्याने हौसेने कॅमेरा घेतला, एक रोल भरला आणि महिन्याभरात छातीत कळ येऊन गेला. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपल्यावर तोमेने तो रोल समुद्रापलीकडच्या ओनोमिची गावाला धुवायला पाठवला. पाकीट आलं तेव्हा तिने हात धुतले, केस नीट केले आणि मगच ते उघडलं. वीस फोटो होते. वीसच्या वीस बोटीच्या इंजिनाचे. पुढून, मागून, खालून, झाकण काढून. एका फोटोच्या कोपऱ्यात तोमेच्या पायाचा अंगठा आला होता, तोही चुकून.

"चव्वेचाळीस वर्षं भात रांधला त्याला," ती बहिणींना म्हणाली, "आणि फोटो निघाला तो अंगठ्याचा."

त्या तिरमिरीत तिने कॅमेरा उचलला आणि सात वर्षं खाली ठेवला नाही. बेटावरची मांजरं, वाळत घातलेले मासे, संत्र्यांचे मळे, शाळेत घंटेऐवजी बडवतात ते लाकूड, सगळं तिने टिपलं. पण तिघी बहिणी मिळून एक फोटो मात्र तिच्याकडे नव्हता.

या तिघींच्या वडिलांना मुलगा हवा होता. पहिली झाली तिचं नाव त्यांनी योने ठेवलं, म्हणजे तांदूळ. तोवर ते खुशीत होते. दुसरी झाली तिचं नाव तोमे, म्हणजे आता थांबा. तरी तिसरी आलीच. तिचं नाव सुए, म्हणजे शेवट. त्यानंतर वडील दमले. आता योने अठ्ठ्याहत्तरची होती, तोमे पंच्याहत्तरची आणि सुए एकाहत्तरची. तिघींचे नवरे पुढे गेलेले, आणि तिघींची घरं एकाच टेकडीवर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर.

त्यातली योने उद्या सकाळच्या बोटीने ओसाकाला निघाली होती, मुलाकडे, कायमची. तिचं घर टेकडीवर सगळ्यात उंच, एकशे तीस पायऱ्या, आणि तिचे गुडघे आता चाळिसाव्या पायरीपर्यंतच ऐकायचे. जायचं ठरल्यापासून तिने स्वतःचं घर घासून लख्ख केलं, ते संपल्यावर सुएचं घासलं आणि आज सकाळपासून ती तोमेच्या स्वयंपाकघरात शिरली होती.

"तोमे, तुझ्या त्या यंत्रात रोल आहे का?" तिने मोरीतून विचारलं.

"आहे. का गं?"

"आपला तिघींचा एक फोटो काढ. सून विचारते, सासूबाई, तुमच्या बहिणी दिसतात कशा? तोंडाने किती सांगू?"

तोमे कॅमेरा पुसत होती, ती थांबली. कोळशाच्या शेगडीजवळ सुए रताळं सोलत बसली होती, तीही थांबली.

"तिघींचा?" सुए म्हणाली.

"तिघींचाच. आपण तिघीच आहोत ना?"

तिघांचा फोटो काढला की मधला आधी जातो. हे बेटावर कुणी कुणाला शिकवत नाही. पोहायला जसं येतं तसंच येतं. जत्रेत तीन मित्र फोटोला उभे राहिले तर ते रस्त्याने जाणाऱ्या चौथ्याला हात धरून ओढतात, तो ओळखीचा असो वा नसो. तोमेच्या कपाटात अशा उपऱ्या चौथ्यांचे कितीतरी फोटो होते.

"मी तर असलं काही मानत नाही," तोमे म्हणाली. "यंत्र आहे ते. काच आणि झडप. त्याला काय कळतंय मधला कोण ते."

"मग तू राहा मधे," सुए लगेच म्हणाली.

"मी कशी राहणार? मला कळ दाबायची असते."

"कळ दाबून पळत येतेस की तू. त्या चिर्रर्र करणाऱ्या खटक्याने."

"पळत येणारं माणूस कडेलाच उभं राहतं, सुए. मधे शिरायला वेळ कुठे असतो?"

सुए सहा वर्षांपूर्वीपर्यंत शाळेत मुलांना जेवण वाढायची. वाद कुठे संपवायचा हे तिला कळत असे. ती उठली, घरी गेली आणि काचेच्या पेटीतली तिची मोठी बाहुली घेऊन आली. लाल रेशमी कपडे, कपाळावर कापलेले काळेभोर केस.

"ही चौथी," ती म्हणाली. "चौघी झाल्या की मधलं कुणी नाही."

योनेने हात पुसत बाहुलीला खालून वर न्याहाळलं. "हिला मी माझ्याशेजारी उभी करणार नाही. ही माझ्यापेक्षा तरुण दिसते."

"सगळंच तुझ्यापेक्षा तरुण दिसतं, अक्का. ही टेकडीसुद्धा."

तेवढ्यात पोस्टमन कुरामोतो सायकल ढकलत वर आला. पन्नाशीचा, गोल, सदा घाम पुसणारा माणूस. त्याला सगळा प्रकार कळल्यावर त्याने टोपी काढली, केस बसवले आणि म्हणाला, "मावशी, मी राहतो की चौथा. मला काही अडचण नाही."

"तुला नाही, मला आहे," योने म्हणाली. "सून विचारेल, सासूबाई, हे कोण?"

"सांगायचं, पोस्टमन आहे."

"उद्या मी फोटो छातीशी धरून ओसाकाला जाणार आणि म्हणणार, हा आमचा पोस्टमन? मग तर तिला भलतीच खात्री पटेल."

कुरामोतोचे कान लाल झाले. "मग निदान कळ तरी दाबतो."

"तू मागे जत्रेत दाबली होतीस," तोमे म्हणाली. "अकरा माणसांचे बावीस पाय आले. चपला छान आल्या होत्या."

कुरामोतोने टोपी घातली आणि सायकल वळवली. जाताना तो म्हणाला, "दुपारच्या बोटीला वाऱ्यामुळे उशीर आहे. पलीकडून काही मागवलं असेल तर आज येईल असं धरू नका."

तोमेने कॅमेऱ्याचा आकडा पाहिला. विसातले बारा झाले होते. आठ उरले. बेटावरच्या दुकानात साबण मिळायचा, शेवया मिळायच्या, रोल मिळायचा नाही. उद्या सकाळी बोट सुटल्यावर तिघी पुन्हा एका जागी कधी येतील, हे कुणी उघड बोलत नव्हतं. पण योने आता ओसाकाहून एकशे तीस पायऱ्यांसाठी परत येणार नव्हती, आणि सुएला बोट लागायची. आठ फोटोंत काम व्हायलाच हवं होतं.

अंगणाच्या कडेला दगडी बांध होता, त्याच्यामागे पिवळ्याधमक फळांनी वाकलेली संत्र्यांची झाडं आणि झाडांच्या डोक्यावर समुद्र. तोमेने संत्र्यांची तीन खोकी एकावर एक रचली, वर कॅमेरा ठेवला, त्याच्याखाली घडी केलेला रुमाल घालून तो सरळ केला. दोघींना बांधापाशी उभं केलं, चिर्रर्र करणारा खटका ओढला आणि धावली.

खटका दहा मोजेपर्यंत चालायचा. पाच मोजेपर्यंत तोमे बांधापाशी पोचली आणि जागच्या जागी थबकली. योने एका कडेला, सुए दुसऱ्या कडेला, आणि दोघींच्या मधे एक माणूस मावेल एवढी छान मोकळी जागा.

"ये, ये," सुए गोड आवाजात म्हणाली. "तुझ्यासाठीच ठेवलीय."

"लबाड बाई, सरक तिकडे!"

खट्. पहिला गेला. त्यात तोमेची पाठ आली असणार.

दुसऱ्या वेळी तोमे धावत गेली ती थेट योनेच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. आता मधे योने होती. योनेने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि काहीतरी विसरल्यासारखं करून शांतपणे चालत सुएच्या पलीकडे गेली. आता सुए मधे. सुए किंचाळली. खट्.

"अक्का, तू हललीस!"

"मला त्या बाजूने ऊन चांगलं लागतं."

तिसऱ्याला आणि चौथ्याला तिघी कडेला जायच्या नादात बांधाच्या टोकापर्यंत सरकत गेल्या. चौथ्यात बहुतेक फक्त संत्री आली. मग सुएला युक्ती सुचली की एकीमागे एक उभं राहावं, आगगाडीसारखं. योने पुढे, तिच्यामागे सुए, सगळ्यात मागे तोमे. खटका ओरडत असतानाच सुएच्या ध्यानात आलं की आगगाडीलाही मधला डबा असतो, आणि ती डबा सोडून पळाली. खट्.

"याला म्हणतात शाळेत नोकरी केलेली," योने म्हणाली.

"सहाशे पोरांना वाढलं मी. एकालासुद्धा कमी पडलं नाही."

"पोरं हलत नव्हती म्हणून."

हसून हसून तोमेच्या बरगड्या दुखायला लागल्या, पण रोल संपत आला होता. सहावा फुकट गेला. सातव्याला तिघी बऱ्यापैकी स्थिर होत्या, पण मधे असलेल्या सुएने ऐन वेळी तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. म्हणे तोंड दिसलं नाही तर मोजत नाहीत.

आता एकच उरला. वारा वाढला होता. तोमे खोक्यांमागे उकिडवी बसली आणि तिला पहिल्यांदा रडू आल्यासारखं झालं. "तुम्हाला फोटो नकोच आहे," ती म्हणाली. "पोरांसारखं चाललंय. आठातला एक उरला. मी इथे घाम गाळतेय आणि तुम्ही..."

"बरं, बरं," योने म्हणाली. "ओरडू नकोस. मी राहते मधे."

सुए म्हणाली, "अक्का, असं काय करतेस?"

"काय चुकलं? वयाने मोठी मी. गेले तरी रांग सोडून कुणी गेलं असं होणार नाही. आणि मधे उभी राहिले काय, कडेला राहिले काय, अठ्ठ्याहत्तरीला यंत्र काय वेगळं करणार आहे? चल, तोमे. ओढ तुझा खटका."

ती बांधापाशी मधोमध जाऊन उभी राहिली. कॉलर सारखी केली. हात खाली सोडले. कवळी जिभेने जागेवर बसवली आणि समोर बघितलं.

तोमेने काचेतून पाहिलं. योने अगदी सरळ उभी होती, हसत नव्हती, मागे समुद्र. घरोघरी देवाच्या कपाटावर जे फोटो टांगलेले असतात, गेलेल्यांचे, अगदी तसं दिसत होतं. काळ्या चौकटीचीच काय ती खोट. तोमेने आयुष्यात इतकी मांजरं टिपली होती की बोट आपणहून कळीवर जायचं. आज ते जाईना.

"दोघींचाच काढते," ती म्हणाली. "तुझा आणि सुएचा."

"तिघींचा काढ."

"माझा आहे की. अंगठा आहे."

"तोमे!"

"अगं, पण तू अशी उभी राहू नकोस ना! जरा वाकडी तरी राहा!"

या बोलाचालीत तिचं बोट कधी दाबलं गेलं कळलंच नाही. खट्. विसावा गेला.

सुए म्हणाली, "झालं?"

"झालं."

तोमेने सवयीने पुढची दांडी ओढली. विसाव्यानंतर दांडी अडते. आज ती अडखळली, जड गेली, पण गेली. वीसचा रोल कधीकधी एकविसावा देतो. रोलच्या अगदी शेपटाला, जिथे फिल्म गुंडाळीला चिकटवलेली असते तिथे. देईलच असं नाही. आलेला पुरा असेल असंही नाही.

"हलू नका!" ती ओरडली. "अजून एक आहे!"

तिने खटका ओढला आणि धावली. योने मधेच होती, तशीच ताठ. तोमेला कडेला जायचं होतं; पाय मात्र सरळ योनेवर गेले. तिने योनेला खांद्याने ढकललं.

"सरक. ही माझी जागा आहे."

"अगं ए! पडेन मी!"

"मी मधली आहे. एकाहत्तर वर्षं मधलीच आहे. तुला काय कळतं मधलं असणं!"

"आणि मी काय इथे संत्री राखायला आहे?" सुए दुसऱ्या बाजूने घुसली. तिने तोमेची बाही धरून बाहेर ओढायला सुरुवात केली. "दोघी निघा! मी राहते! माझे गुडघे चांगले आहेत!"

"गुडघ्यांचा काय संबंध?"

"मला नाही माहीत! निघा!"

खट्.

*

दुपारी तोमे कपाटात शिरली. बाहेर सुए रजाई धरून पहारा देत होती. योने आत भांडी आवरत होती.

काळोखात तोमेने डबी उघडली, गुंडाळी बाहेर काढली, बोटांनी फिल्म शेवटापर्यंत चाचपत नेली. शेवटी ती गुंडाळीला चिकटवलेली असते. तिथे कात्रीने कापावी लागते. नेहमी ती चार बोटं सोडून बिनधास्त कापायची. आज एकविसावा तिथेच कुठेतरी होता. तिने गुंडाळीला चिकटून कात्री लावायची म्हणून बोट टेकवलं.

"ताई," बाहेरून सुए म्हणाली, "रताळी गॅसवर ठेवू का शेगडीवर?"

"सुए, गप्प!"

"गॅसवर पटकन होतील."

"गप्प बस म्हटलं ना!"

कच्. कात्री लागली. कुठे लागली ते देवाला ठाऊक. तोमेने फिल्म चाकावर चढवली, झाकणाच्या डब्यात बंद केली आणि घामाघूम होऊन बाहेर आली. डबा बंद झाला की पुढचं काम उजेडात करता येतं. आधी पहिलं औषध ओतायचं, त्याने चित्र उमटतं. मग दुसरं, त्याने पक्कं होतं. उलटं झालं तर सगळी फिल्म काचेसारखी कोरी.

ती मोरीपाशी गेली.

साकेच्या दोन्ही बाटल्या घासूनपुसून चकचकीत उभ्या होत्या. दोन्हींवर तिने कागद चिकटवलेले होते, एकावर 'एक' आणि दुसऱ्यावर 'दोन'. आता एकाही बाटलीवर काही नव्हतं.

"अक्का, हे काय केलंस?"

"काय केलं? किती चिकट झाले होते ते कागद. गरम पाण्याने काढले." योनेला तिचा चेहरा दिसला. "तुला वाचायला लागतात का ते?"

"नाही, शोभेला लावले होते!"

"ओरडतेस काय? वास घेऊन कळत नाही का?"

कळत होतं. दुसऱ्या औषधाला आंबूस वास येतो. पण सात वर्षं त्याच कपाटातल्या गाद्यांवर झोपून तोमेच्या नाकाला सगळ्या जगालाच तो वास येतोय असं वाटायचं. सुएचं नाक सर्दीने बंद. उरलं योनेचं नाक. टेकडीच्या खालच्या घरात कुणी आंबवलेल्या सोयाबीनचा मिसो काढला तर तो कुठल्या पिंपातला हे ती वरून सांगायची.

योनेने पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला पुसले, एकेका बाटलीचं बूच काढलं आणि डोळे मिटले. पहिल्या बाटलीवर बराच वेळ नाक धरलं. दुसऱ्यावर धरलं आणि लगेच मागे घेतलं.

"ही तुझी उशी," ती म्हणाली.

"नक्की?"

"तुझ्याकडे दोन रात्री झोपलेय मी. नक्की."

तोमेने डोळे मिटून उशी नसलेली बाटली ओतली. सुए घड्याळ घेऊन मिनिटं ओरडत होती. मग उशी. मग पाणी, पुष्कळ पाणी. शेवटी तिने झाकण उघडलं, फिल्मचं टोक ओढलं आणि त्यावर चित्रं होती.

न्हाणीघरात दोरीवर चिमटा लावून तिने फिल्म सोडली. तिघी तिच्यापाशी डोकं लावून उभ्या राहिल्या. बाहेरचं मावळतीचं ऊन खिडकीतून फिल्मच्या आरपार येत होतं. निगेटिव्हमधे सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं, काळं ते पांढरं.

"अगं बाई," सुए म्हणाली, "आपले केस काळे झाले."

"आणि तोंडं पण," योने म्हणाली. "दिवसभर समुद्रात डुंबल्यावर व्हायची तशी." मग ती आणखी जवळ गेली. "दात बघ. माझे दात बघ, तोमे."

कवळीचे पांढरेशुभ्र दात कुळकुळीत काळे आले होते. तिघींच्या लहानपणी आई दातांना काळं लावायची. लग्न झालेल्या बाया लावत तसं. ती हसली की तोंडात रात्र उघडल्यासारखं दिसायचं.

"आई," सुए म्हणाली.

मग त्यांनी एकेक चित्र पाहायला घेतलं. तोमेची पाठ. किंचाळणारी सुए. संत्री. डबा सोडून पळणारी आगगाडी. विसाव्यात योने ताठ उभी आणि तिच्याशेजारी सुए एकटीच रडवेली. तोमेने त्यावरून बोट पटकन खाली सरकवलं. तळाला, अगदी शेवटी, एकविसावा होता.

आला होता. डावीकडे योने, तोल जाऊन मागे रेललेली, तोंड उघडं. मधे तोमे, दोन्ही कोपरं बाहेर, मासळीबाजारात जागा धरल्यासारखी. आणि उजवीकडे तोमेच्या बाहीला लटकलेली सुए, एक डोळा, एक कान, एक हात. तिथे फिल्म संपत होती. सरळ, कात्रीने.

"माझं पुढचं कुठाय?" सुए म्हणाली.

तोमे दोरीवरचा चिमटा नीट करायला लागली.

"ताई, माझं पुढचं कुठाय?"

"तूच बोलत होतीस ना रताळ्यांबद्दल."

"तू मला कापलंस?"

"गप्प बस म्हणून सांगत होते!"

योनेने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "फोटो मात्र चांगला आलाय," ती म्हणाली. "तिघी अशाच तर दिसतो. हाच पाठव मला." मग तिचा चेहरा उतरला. "पण तोमे, तू मधे आलीस."

"आले तर आले. मी मानत नाही."

"मानत नाहीस तर आठ फोटो पळत का होतीस?"

"थांबा," सुए म्हणाली. तिने नाक शिंकरलं आणि शाळेत पोरांना डाव मोजून घालताना काढायची तसा आवाज काढला. "तिघी कुठे आहोत? तुम्ही दोघी अख्ख्या, मी अर्धी. अडीच बाया आहेत. अडीचाचा मध्य किती?"

"किती?"

"सव्वा. म्हणजे अक्का अख्खी सोडायची आणि ताईचा पाव भाग." तिने बोटाने फिल्मवर मोजलं. "हा इथे. ताईचा उजवा कान. जायचा झाला तर तेवढाच जाईल."

तोमेने उजव्या कानाला हात लावला. "तो तर नऊ वर्षांपूर्वीच गेला. बोटीचा भोंगा वाजला तेव्हा."

"मग झालंच की," सुए म्हणाली. "त्याचं काम झालेलं आहे."

तिघी एवढ्या हसल्या की दोरीवरची फिल्म हलायला लागली आणि तोमेला ओरडून सगळ्यांना न्हाणीघराबाहेर काढावं लागलं. रताळी करपली होती. तरी त्यांनी ती खाल्ली, खालून ऊब येणाऱ्या मेजाच्या रजाईत पाय घालून, काळी सालं सोलत.

सुएचा राग मात्र पुरता गेला नव्हता. तिने कपाटात वाकून ती रिकामी डबी शोधली आणि गुंडाळीला चिकटून राहिलेला दोन बोटं रुंद तुकडा बाहेर काढला. उजेडात येऊन तो करडा-जांभळा झाला होता. त्यावर काही दिसत नव्हतं आणि आता कधी दिसणारही नव्हतं.

"ही बघा मी," ती म्हणाली. "डावा खांदा आणि चांगला डोळा."

"आण इकडे," योने म्हणाली. तिने तो तुकडा सोडवला, कागदात गुंडाळला आणि प्रवासाच्या बटव्यात, तिकिटाशेजारी ठेवला. "फोटो यायला आठवडा लागेल. तोवर ही अर्धी सुए मी नेते."

"त्यात काही दिसत नाही, अक्का."

"मला असंही कुठे दिसतं?"

सुए काहीतरी बोलणार होती, पण तिने तोंडात रताळं घातलं. योनेने बटव्याची नाडी ओढली आणि तोमेकडे वळून हळूच काहीतरी सांगितलं. ती तोमेच्या उजव्या बाजूला बसली होती.

"काय?" तोमे म्हणाली.

योनेने सुस्कारा सोडला, मेजाला धरून एकेक गुडघा सरळ करत उठली, तोमेला वळसा घालून पलीकडे आली आणि म्हणाली, "सुए, सरक जरा." दोघींच्या मधे जागा झाली तशी ती तिथे बसली, रजाई पायांवर ओढून घेतली आणि तोमेच्या डाव्या कानापाशी तोंड नेऊन पहिल्यापासून सांगायला लागली.